बहात्तर किलोंची स्प्रिंग

कारखान्याच्या डिझाइन विभागात टोपणनावाशिवाय कुणी सुटलेलं नव्हतं, पण बाकीच्यांची नावं त्यांच्या पोटावरून, टकलावरून नाहीतर डब्यावरून पडलेली. हिचं तेवढं कामावरून पडलं होतं. स्प्रिंगताई. हा कारखाना दवाखान्यांसाठी खाटा, खुर्च्या आणि ढकलगाड्या बनवायचा, आणि ज्या वस्तूत स्प्रिंग असेल ती चार टेबलं फिरून शेवटी ताईच्याच टेबलावर यायची. स्प्रिंग दिसली की बाकीच्यांना एकदम तहान लागायची आणि ते पाणी प्यायला उठायचे.

त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. संगणकावर नट-बोल्ट लावणं म्हणजे काहीच नाही. तयार मिळतात, उचलायचे आणि ठेवायचे. दातेरी चाकंसुद्धा घरच्या वळणाची असतात, सांगितलं तेवढं फिरतात. स्प्रिंग मात्र काढायला सोपी आणि नांदवायला अवघड. तारेच्या जाडीचा एक गोल घ्यायचा, मळसूत्री वळणावरून वर वर फिरवत न्यायचा, झाली स्प्रिंग. दिसायला देखणी, पण काठीसारखी ताठ. अशी स्प्रिंग खुर्चीच्या मॉडेलमध्ये बसवायची, माउसने बैठक खाली ओढायची, की बैठक येते खाली आणि स्प्रिंग राहते जागच्या जागी. ती बैठकीतून आरपार जाऊन वर डोकं काढते. त्या खुर्चीवर कुणी बसलं असतं तर त्याचं काय झालं असतं, याचा विचार न केलेलाच बरा.

यावर विभागाने शोधलेला उपाय फारच सोपा होता. साहेब बघायला आले की स्प्रिंग लपवून ठेवायची. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. बिनस्प्रिंगची खुर्ची खालीवर व्हायची, साहेब मान डोलवायचे, ते वळले की स्प्रिंग पुन्हा हजर. ताईला हे मुळीच पटेना. पाहुणे आले म्हणून घरातल्या तिरसट माणसाला आतल्या खोलीत कोंडून ठेवावं, तसला हा प्रकार आहे असं ती तोंडावर सांगायची. तिचा स्वभाव असा होता की एखादी गोष्ट नीट करता येत असेल तर ती तशी न करणाऱ्याचा तिला रागच यायचा, आणि राग आला की तिच्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. नवीन लागलेल्या माणसाला विभागात पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या जायच्या: चहाचं यंत्र कुठे आहे, आणि ताईचं नाक.

तिने स्प्रिंगला ठरावीक उंची देणंच सोडून दिलं. उंची किती, हे स्प्रिंगने ठरवायचंच नाही. खालचा पत्रा आणि वरची बैठक यांच्यात जेवढं अंतर असेल तेवढी तिची उंची. तार तेवढीच, वेढे तेवढेच. बदलेल ते फक्त दोन वेढ्यांमधलं अंतर. बैठक खाली आली की वेढे एकमेकांजवळ सरकायचे, वर गेली की मोकळे व्हायचे. सांगायला दोन ओळींचं काम, पण ते साधेपर्यंत ताईचं नाक महिनाभर लाल होतं. एकदा तर तिने एकच स्प्रिंग शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांना लावली, आणि दोघींना मिळून उंची एकच राहिली. मग एका खुर्चीची बैठक दाबली की शेजारची रिकामी खुर्चीही अदबीने खाली बसायची. साहेबांना ते इतकं आवडलं की ही सोय आहे का चूक आहे हे त्यांनी दोनदा विचारलं.

अशी ही बाई, लवचीक स्प्रिंगांची जाणकार. आणि घरी तिच्या नशिबी आला होता जगातला सगळ्यात ताठ माणूस.

ताईचे वडील शाळेत पीटीचे मास्तर होते. सगळी नोकरी त्यांनी मैदानावर उभं राहून केली. गळ्यात शिट्टी, पाठीत वाक नाही, आणि तोंडात सावधान, विश्राम याखेरीज फारसं काही नाही. वर्षातून एकदा ते वजनकाटा मैदानावर आणायचे. मुलं रांगेत उभी राहायची, एकेक जण काट्यावर चढायचा, आणि मास्तर खाली वाकून आकडा बघून तो असा पुकारायचे की फाटकाबाहेरच्या दुकानदारालाही कळावं. त्या शाळेत काटकुळी पोरं पुष्कळ होती, पण त्या दिवशी हलकं असं कुणीच निघायचं नाही. तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना याचं फार नवल वाटायचं. ताई त्याच शाळेत पाचवीत होती तेव्हा तिच्या हातापायांच्या नुसत्या काड्या होत्या आणि वर्गातल्या मुली तिला खडू म्हणायच्या. त्या वर्षी ती डोळे मिटून काट्यावर चढली. मास्तर ओरडले, “अठ्ठावीस.” खडू म्हणणाऱ्या मुलींच्या म्होरकीपेक्षा दोन जास्त. ताई तो सबंध दिवस छाती पुढे काढून फिरली, आणि घरी आल्यावर आईला म्हणाली की मला आता जेवायला कमी वाढलंस तरी चालेल.

तर असे मास्तर. निवृत्त झाले, केस पिकले, तरी गुडघे सोडून बाकी सगळं आपल्याच हुकमतीत आहे असं ते समजत. गुडघ्यांनी मात्र बंड केलं. एका समारंभात मास्तर खुर्चीवर बसले आणि उठायची वेळ आली तेव्हा उठताच येईना. दोन तरुण धावत आले, दोन्हीकडून काखेत हात घातले आणि पोतं उचलावं तसं त्यांना उचलून उभं केलं. वर एक जण म्हणाला, “सावकाश हं, आजोबा.” तो त्यांचाच जुना विद्यार्थी होता, आणि त्याला कधी काळी मास्तरांनी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या होत्या.

मास्तर घरी आले आणि त्यांनी खुर्चीवर बसणं बंद केलं.

खाट उंच होती, कुशीवर वळून पाय खाली सोडले की तिच्यावरून उठता यायचं; तेवढी त्यांनी चालू ठेवली. पण दिवसभर ते उभे. पेपर खिडकीशी उभ्याने वाचायचे. जेवण ओट्याशी उभ्याने. दाढी उभ्याने तर सगळेच करतात, पण मास्तर ती झाल्यावरही तिथेच उभे. शेजारच्या काकूंना वाटलं की ते खिडकीतून कुणाची तरी वाट बघतात, म्हणून त्याही आपल्या खिडकीतून बघत उभ्या राहायला लागल्या. घरी कुणी आलं तर त्याची पंचाईत. एवढा वयस्कर माणूस समोर उभा असताना बसायचं कसं, म्हणून पाहुणेही उभेच, आणि उभ्याउभ्या चहा घेऊन पाच मिनिटांत पसार. सुरुवातीला आईला हे बरं वाटलं, नंतर तीही वैतागली.

“अहो, बसा ना,” ती म्हणायची. “घरात सदानकदा राष्ट्रगीत चालू असल्यासारखं वाटतं.”

“मला सवय आहे,” मास्तर म्हणायचे.

“मला नाहीये. कुणीतरी एकदाचं विश्राम म्हणा या माणसाला.”

पाय सुजायला लागले. आधी घोटे, मग पिंडऱ्या. डॉक्टरांनी बोट दाबून दाखवलं तर सुजेत खड्डा पडला आणि तसाच राहिला. ते ताईला बाजूला घेऊन म्हणाले, “यांना बसवा. असेच उभे राहिले तर एक दिवस चक्कर येऊन पडतील, आणि या वयात हाड मोडलं तर मग उठणं नाहीच.” ताईने घरी हे जसंच्या तसं सांगितलं. मास्तर म्हणाले, “बसलो की उठवायला माणसं बोलवावी लागतात. त्यापेक्षा मी उभ्याने जाईन.” हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की ताई घाबरली. आजवर त्यांनी जे जे शांतपणे म्हटलं होतं ते त्यांनी करून दाखवलं होतं.

तिने हात पुढे करून बघितला, तर त्यांनी तो असा बाजूला सारला जसा काही तिथे पडदा लोंबत होता. तिने काठी आणली, ती आईने कपडे वाळत घालायला घेतली. तेव्हा ताईच्या लक्षात आलं की या माणसाला उठवणारं जे काही असेल ते माणूस असता कामा नये. आणि माणूस नसून ढकलणारी एकच वस्तू तिला चांगली ठाऊक होती.

साहेबांना तिने सांगितलं की दवाखान्यांसाठी एक नवी खुर्ची करू या, बसलेल्याला उठायला मदत करणारी. साहेबांनी विचारलं, “मागणी आहे का?” ताई म्हणाली, “एका ग्राहकाची तर नक्की आहे.” साहेबांना एवढं पुरलं, कारण ताईचं नाक तेव्हा लाल होतं.

खुर्चीची कल्पना अशी: बैठक पुढच्या कडेला बिजागरीवर, आणि मागच्या बाजूला खालून दोन स्प्रिंगा. रिकामी असताना बैठक मागून वर उचललेली. माणूस तिला टेकायचा, ती त्याला घेऊन सावकाश खाली जायची. उठताना त्याने जरा पुढे झुकून पाय रोवले की स्प्रिंगा मागून ढकलायच्या. कुणाच्या काखेत हात नाही, कुणाचं सावकाश हं नाही.

पण बैठक बिजागरीवर कलंडणार म्हटल्यावर स्प्रिंग सरळ दबून चालणार नव्हतं. तिला दबता दबता वाकावंही लागणार. म्हणजे मळसूत्री वळण सरळ रेषेभोवती नाही, वाकड्या रेषेभोवती काढायचं, आणि तो वाकही बैठकीबरोबर बदलत राहायचा. ताई या एका स्प्रिंगेपायी चहा प्यायला उठायची विसरू लागली. कधी वेढे एकमेकांत घुसायचे, कधी स्प्रिंग रुसून सगळीच्या सगळी नाहीशी व्हायची आणि पडद्यावर नुसती लाल खूण उरायची. एकदा तिने चुकून बैठकीला सांगितलं की स्प्रिंगेची उंची बघून थांब, आणि स्प्रिंगेला सांगितलं की बैठकीचं अंतर बघून उंची धर. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसल्या आणि संगणक गार पडला. ताईला तेव्हा आईबाबांचा चहा आठवला. दोघंही रोज सकाळी आधी दुसऱ्याने चहा घ्यावा म्हणून थांबतात आणि चहा थंड होतो.

शेवटी जमलं. बैठक खाली ओढली की दोन्ही स्प्रिंगा दबत, वाकत, एकमेकींकडे न बघता शहाण्यासारख्या खाली जायच्या. सगळा विभाग ताईच्या खुर्चीमागे जमला. साहेबांनी माउस हातात घेतला आणि बैठक इतक्या वेळा खालीवर केली की शेवटी ताईने माउस काढून घेतला.

आता उरलं वजन. इथे एक सांगायला हवं. पडद्यावरची स्प्रिंग कितीही लवचीक असली तरी ती ढकलत नाही. दिलेल्या जागेत मावते, एवढंच तिचं काम. खऱ्या स्प्रिंगेने किती जोर लावायचा हे वेगळ्या हिशेबाने ठरवावं लागतं: तार किती जाड, वेढे किती, आणि वर बसणारा माणूस किती जड. जोर कमी पडला तर माणूस उठणार नाही, जास्त झाला तर बसणारच नाही.

“बाबा, तुमचं वजन किती?” ताईने जेवताना विचारलं.

“बहात्तर,” मास्तर ओट्याशी उभ्याने म्हणाले. “नोकरीला लागलो तेव्हा बहात्तर, निवृत्त झालो तेव्हा बहात्तर.”

“हल्ली कधी केलं होतं?”

“करायचंय काय त्यात? आणि काट्यांचं मला सांगू नकोस. काट्यावर काय दिसतं आणि माणूस काय सांगतो, दोन्ही मी पुष्कळ बघितलंय.”

आईने ताईकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्यात घास घातला. ताईने दुसऱ्या दिवशी वजनाच्या घरात बहात्तर लिहिले. पडद्यावर तार जाड झाली, तिच्यामागून वेढे, स्प्रिंगा बसायच्या वाट्या, भोकं सगळं आपोआप जुळून आलं. या सॉफ्टवेअरचं हेच तर कौतुक. एक आकडा बदलला की सगळं घर त्याप्रमाणे आवरून बसतं.

खुर्ची तयार करण्याचं काम कारखान्याच्या फोरमनकडे होतं. हा गृहस्थ बुटका, रुंद आणि आपल्या हातच्या कामाबद्दल भारी हळवा. खुर्ची घेऊन तो स्वतः टेंपोतून घरी आला. मास्तरांना ताईने आधीच पढवून ठेवलं होतं की खुर्ची तुमच्यासाठी नाहीच, ती दवाखान्यांसाठी आहे. फक्त कुणीतरी कडक माणसाने ती तपासून द्यायला हवी.

“मला गरज नाही,” मास्तर म्हणाले. “पण तपासून देतो.” आणि आत जाऊन शिट्टी गळ्यात घालून आले.

आधी फोरमन बसला. बैठक त्याला घेऊन मऊपणे खाली गेली. तो पुढे झुकला, बैठकीने त्याला मागून हळूच वर आणला. त्याने दोन्ही हात बाजूला पसरून दाखवले, जत्रेतल्या जादूगारासारखे. आईने टाळ्या वाजवल्या. मग मास्तर पुढे आले. खुर्चीकडे पाठ केली, पाय जुळवले आणि टेकले.

बैठक चार बोटं खाली गेली आणि थांबली.

मास्तर थांबले. सगळेच थांबले. मास्तरांनी जरा रेटून बघितलं. बैठक जराशी दबली आणि त्यांना पुन्हा होती तिथे घेऊन आली. ते ना बसलेले ना उभे, पायांच्या चवड्यांवर, गळ्यात शिट्टी, असे अधांतरी राहिले.

“ही खुर्ची बसत नाही,” त्यांनी निकाल दिला.

“तुमचंच वळण लागलं तिला,” आई म्हणाली. “आता घरात दोघं उभे.”

फोरमनला काही उमगेना. तो पुढे होऊन म्हणाला, “सर, मी बसलो तेव्हा तर बसली. तुमचं वजन जरा...”

“तार चुकली,” ताई म्हणाली. ती इतक्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या काकू खिडकीत आल्या.

फोरमनचा चेहरा पडला. त्याच्या तारेला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्याने खिशातून मोजपट्टीसारखं काहीतरी काढायला हात घातला, तेवढ्यात त्याला ताईच्या नाकाचा शेंडा दिसला, आणि त्याने हात तसाच खिशात ठेवला. “चुकली असेल,” तो भिंतीकडे बघत म्हणाला.

“हल्ली कुणाला लक्ष देऊन काम करायला नको,” मास्तर म्हणाले. पण ते कुणाकडे बघून म्हणाले नाहीत, आणि नेहमीसारखं मोठ्यानेही म्हणाले नाहीत. ताई खाली वाकून स्प्रिंग तपासायचं नाटक करत होती. तिने वाकल्या वाकल्या बैठक जिथे थांबली होती तिथे खुर्चीच्या पायावर पेन्सिलीने एक बारीक रेघ मारली.

स्प्रिंग म्हणजे शेवटी एक काटाच असतो. ती किती दबली हे कळलं की वर किती वजन आहे तेही कळतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ताईने मॉडेल उघडलं, बैठक पेन्सिलीच्या रेघेपर्यंत ओढली, आणि उलटा हिशेब मांडला. महिनाभर खपून तिने ज्या स्प्रिंगेला वाकायला शिकवलं होतं, ती स्प्रिंग निमूटपणे रेघेपर्यंत दबली आणि आकडा समोर आला. अठ्ठावन्न. ताईने तो पुसला आणि पुन्हा हिशेब केला. पुन्हा अठ्ठावन्न.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. एका घरात, एका ओट्याशी दोघं जेवत होते. तिला तारेतला केसाएवढा फरक डोळ्यांनी कळायचा, आणि बाप समोर झिजत चाललाय हे तिला एका खुर्चीने सांगितलं. तिला रडू आलं. विभागातले सगळे पाणी प्यायला उठले, आणि या वेळी त्यांना कुणी नावं ठेवू नयेत.

संध्याकाळी तिने आईला स्वयंपाकघरात गाठलं. “तुला माहीत होतं?”

“न कळायला काय झालं? त्यांच्या विजारी कमरेत कोण आत घेतं? पट्ट्याला खिळ्याने भोकं पाडतात ते, मोरीत जाऊन, नळ सोडून. आवाज येतो.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“त्यांनी मला सांगितलं असतं तर मी तुला सांगितलं असतं,” आई म्हणाली आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

ताईने वजनाच्या घरात अठ्ठावन्न लिहिले. तार बारीक झाली, सगळं घर पुन्हा आवरून बसलं. साहेब मागून डोकावले. “बहात्तर ठरलं होतं ना?”

“ग्राहकाने बदललं.”

“ग्राहक असेच,” साहेब म्हणाले. “आधी एक सांगतात, मग निघतं भलतंच.”

“हो,” ताई म्हणाली. “पण ग्राहक चांगले आहेत.”

फोरमनला तिने सगळं खरं सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, “म्हणजे माझी तार बरोबर होती.” त्याला एवढंच हवं होतं. नव्या स्प्रिंगा त्याने स्वतःच्या हाताने बसवल्या आणि पुन्हा घरी आला. दारातच तो पाठ केलेल्या धड्यासारखं म्हणाला, “सर, चुकीची तार बदलून योग्य तार बसवलेली आहे.” त्याच्याकडे बघवत नव्हतं. खोटं बोलताना त्याचे कान हलायचे.

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. मग आईकडे, मग ताईकडे. या वेळी त्यांनी शिट्टी घातली नव्हती. ते खुर्चीकडे पाठ करून उभे राहिले, आणि टेकले.

बैठक खाली जायला लागली. सावकाश, मध्येच न अडखळता, त्यांना घेऊन ती पार खाली गेली आणि थांबली. मास्तर बसले. त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर आले, पाठ तिच्या पाठीला टेकली, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. मग आई, जी त्यांच्यासमोर धड बसायचं विसरूनच गेली होती, ती धपकन समोरच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “देवा.” फोरमन बसायला जागा शोधत होता, ती न मिळाल्याने तो टेंपोत जाऊन बसला.

मास्तरांनी पेपर मागितला. पेपर वाचला. नंतर त्यांनी तो घडी घालून बाजूला ठेवला. खरी परीक्षा आता होती. आई एकदम भांडी आवरायला लागली. ताई खिडकीबाहेर बघायला लागली. समोर काकू होत्याच. मागे स्प्रिंगेचा बारीक आवाज झाला. ताईने वळून बघितलं तेव्हा मास्तर उभे होते. हात कशालाही धरलेले नव्हते. त्यांच्या तोंडावर जो भाव होता तो ताईने आधी फक्त मैदानावर बघितला होता, एखादं बुजरं पोर पहिल्यांदाच आडव्या बारवर लोंबकळून हनुवटी वर न्यायचं तेव्हा.

त्यांनी ते पुन्हा करून बघितलं. बसले, उठले. बसले, उठले. “अहो, पुरे,” आई आतून म्हणाली. “लहान मुलं बघतायत.” लहान मूल घरात एकही नव्हतं.

मग ते बसले ते बसलेच. आई कामाला लागली, टेंपो निघून गेला. खोलीत बापलेक दोघंच उरले. मास्तर खुर्चीच्या हातावर बोट फिरवत होते. त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, “किती भरलं?”

ताई गडबडली. तिला वाटलं होतं की हा प्रश्न येणारच नाही, आणि आला तर काय सांगायचं हे तिने ठरवलंच नव्हतं. पण तोंडातून उत्तर आपसूक बाहेर पडलं, खणखणीत, फाटकापर्यंत ऐकू जाईल असं.

“बहात्तर.”

मास्तरांच्या मिशा हलल्या.

“पाचवीत तू चोवीस भरली होतीस,” ते म्हणाले. “मी अठ्ठावीस ओरडलो होतो.”

ताई नुसतीच त्यांच्यासमोर हात बाजूला धरून उभी होती, रांगेतल्या पोरीसारखी.

“आता उभी काय राहिलीस?” मास्तर म्हणाले. “बस.”